वाक्याच्या शेवटचा ‘की’: वडगावातील एका पॉडकास्ट भागाचे प्रकरण

बेळगावच्या वडगाव भागात मागावर आयुष्य घालवलेल्या एका ७८ वर्षांच्या आजींची मुलाखत आम्ही ध्वनिमुद्रित केली आणि पॉडकास्ट म्हणून प्रसिद्ध केली. त्यातील दोष कळल्यावर ती मागे घेण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. शेवटी सुमारे पाच महिन्यांनी तीच मुलाखत नव्याने मुद्रित करून नव्या फीडवर, म्हणजे श्रोत्यांची ॲप्स जिथून भाग घेतात त्या पत्त्यावर, प्रसिद्ध केली. या एका भागात माइकची निवड, खोली, संपादन, प्रकाशन आणि खात्याची मालकी अशा जवळजवळ सगळ्या टप्प्यांवर आमच्याकडून चुका झाल्या. सीमाभागात आणि अन्यत्रही स्वतःच्या बळावर मराठी पॉडकास्ट करणाऱ्यांना त्या चुकांची नोंद उपयोगी पडेल, म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहीत आहे.

पार्श्वभूमी

मालिका करणारे आम्ही दोघेच. प्रश्न विचारणे, माणसे शोधणे आणि लिखाण माझ्याकडे, तर यंत्रे आणि संपादन माझ्या भाच्याकडे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील कष्टकरी माणसांनी आपल्या कामाविषयी आपल्याच भाषेत बोलावे, एवढाच मालिकेचा हेतू होता. या भागातील मराठी घरात, बाजारात आणि बसस्टँडवर रोज कानावर पडते, पण छापील मजकुरात ती क्वचितच जशीच्या तशी उतरते. शेजारच्या कन्नडचे शब्द तिच्यात मुरलेले आहेत, बायकाही ‘मी गेलो, मी आलो’ असेच म्हणतात, आणि वाक्य पुष्कळदा ‘की’ने मिटते: ‘येतो की’, ‘जेवलो की’, ‘कळतंय की’. हा ‘की’ दोन वाक्ये जोडणारा नव्हे. बोलणाऱ्याची खात्री, लाड, कधी थोडासा राग, सारे त्या एका अक्षरात मावते. लिहिताना मी ‘आले’ असे लिहिते, पण घरी आईशी बोलताना माझ्याही तोंडी ‘आलो’च येते. त्यामुळे ही भाषा तिच्या मूळ आवाजात साठवणे ही माझ्यासाठी हौसेची बाब नव्हती.

आजी लहानपणी कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी लहान नळ्यांवर सूत गुंडाळायला बसल्या, लग्नानंतर हातमागावर साड्या विणल्या आणि उतारवयात मुलाच्या यंत्रमागावर देखरेख केली. शहापूर आणि वडगाव ही बेळगावातील विणकरांची जुनी वस्ती आहे. एका गल्लीत अनेक घरांतून माग चालतात आणि दोन घरांमध्ये बहुधा एकच भिंत असते. आमच्या प्रकरणाचे मूळ या भिंतीत आहे.

पहिली फेरी

मालिका सुरू करताना आम्ही मोठ्या पडद्याचा, म्हणजे आवाज झेलणारी आतली पातळ चकती मोठी असलेला, एक कंडेन्सर माइक आणि माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस घेतला होता. स्टुडिओत असे माइक दिसतात, म्हणून आपल्यालाही तोच लागेल असे आम्ही गृहीत धरले. कंडेन्सर माइक चांगला असतो यात शंका नाही, पण तो संवेदनशील असल्यामुळे शांत खोलीत जितका कामाचा, तितकाच गोंगाटाच्या खोलीत अडचणीचा ठरतो. त्याला चालण्यासाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, माइकच्याच तारेतून जाणारी वीज, लागतो, म्हणजे इंटरफेस आला, लॅपटॉप आला आणि भिंतीतील प्लगही आला.

आजींच्या पुढच्या खोलीत शहाबादी फरशी, मोकळ्या भिंती आणि वर पत्रा होता. आम्ही कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता गेलो. एकच माइक टेबलाच्या मध्यभागी ठेवला, तोंडापासून अंतर अदमासे ४० सेंटीमीटर. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे यंत्रमाग चालू होते आणि त्यांचा धक्का टेबलाच्या पायांतूनही जाणवत होता. मी भाच्याकडे पाहिले, तेव्हा तो म्हणाला, “आत्या, नंतर साफ करू.” या वाक्यावर विश्वास ठेवणे ही या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक होती, आणि ती माझी होती, कारण थांबण्याचा निर्णय माझ्या हातात होता.

घरी आल्यावर त्याने ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाटाचा नमुना देऊन ‘नॉइज रिडक्शन’ २४ डेसिबलपर्यंत लावले, त्यावर ‘नॉइज गेट’ लावला, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ट्रॅक आपोआप बंद व्हावा अशी सोय केली. मागांचा खडखडाट खरोखरच नाहीसा झाला. आम्ही लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर एकदा ऐकले, समाधान मानले आणि भाग प्रसिद्ध केला.

चार दिवसांनी खानापुरातील एका श्रोत्या बाईंनी व्हॉइस नोट पाठवली. मुलाखत त्यांना आवडली होती, फक्त शेवटी त्या म्हणाल्या, “आजी वडगावच्या वाटत नाहीत की हो, पुण्याकडच्या वाटतात.”

बिघाड कुठे होता

त्या रात्री आम्ही मूळ ट्रॅक आणि प्रसिद्ध केलेला ट्रॅक हेडफोन लावून वाक्यागणिक शेजारी शेजारी ऐकले. मूळ ट्रॅकमध्ये, मागांच्या आवाजाखाली दबलेले का होईना, आजींचे वाक्य असे होते: “मी बारा वर्षांची होतो तवा कांड्या भरायला बसलो की.” प्रसिद्ध भागात ते ‘बसलो’वर तुटत होते. दुसऱ्या वाक्यातही तसेच, तिसऱ्यातही तसेच. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत जवळजवळ प्रत्येक ‘की’ अर्धवट होता किंवा पूर्ण गेला होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मराठीत साधे विधान संपत येते तसा आवाज उतरतो, म्हणजे ‘की’ वाक्यातील सर्वांत हळू जागी येतो. त्यातला ‘क’ हा अघोष स्पर्श वर्ण असल्याने उच्चारापूर्वी क्षणभर श्वास अडतो आणि पूर्ण शांतता होते. गेटला तेवढी शांतता पुरते. तो दार लावून घेतो आणि मागून येणारा हळू स्वर त्या पातळीपर्यंत पोहोचत नसल्याने दार पुन्हा उघडत नाही. गोंगाट कमी करणारे साधन आणखी वेगळे नुकसान करते, कारण ‘क’, ‘स’, ‘ख’ यांच्या उच्चारातील श्वासाचा भाग त्याला गोंगाटासारखाच दिसतो आणि ते तोही पुसून टाकते. आम्ही मागांचा आवाज काढायला गेलो आणि आजींचे गाव काढून बसलो.

लिखित उताऱ्यातही तीच गत झाली. यंत्राकडून आवाजावरून करून घेतलेल्या लेखनात आजींचे ‘मी बसलो’ हे निमूटपणे ‘मी बसले’ झाले होते आणि दोन कन्नड शब्दांच्या जागी उच्चाराने जवळचे, पण अर्थाने दूरचे मराठी शब्द आले होते. यंत्राचा उतारा वेळ वाचवतो हे खरे असले, तरी बोलीतील मुलाखतीचा उतारा आवाज ऐकत ऐकत माणसाने तपासल्याशिवाय बाहेर जाऊ नये, असे माझे आता ठाम मत आहे.

दुसरी फेरी

आजींना मी खरे ते सांगितले आणि पुन्हा बसण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, “बोलतो की. पण माग बंद करायला सांगू नको कुणाला.” त्यांचे म्हणणे रास्त होते. आमच्या मुलाखतीसाठी शेजाऱ्यांनी तासभर माग थांबवायचा म्हणजे त्यांच्या मजुरीवर हात घालणे. मग आम्ही वेळ शोधली. वीजदुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार असल्याच्या सूचना स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. वीज गेली की गल्लीतील सगळे यंत्रमाग एकदम थांबतात, पंखे थांबतात, फ्रीजची घरघर थांबते, आणि पहिल्या मुद्रणात सदोष अर्थिंगमुळे शिरलेला वीजवाहिनीचा ५० हर्ट्झचा गुंजारवही उरत नाही. एरवी ज्या वेळेला आपण खोळंबा म्हणतो, ती वेळ आमच्यासाठी वडगावातील सर्वांत शांत वेळ होती.

त्यामुळे साधनेही बदलावी लागली, कारण प्लगच नाही. आम्ही सेलवर चालणारा, दोन एक्सएलआर इनपुट (माइकच्या तीन पिनांच्या तारेची जागा) असलेला हँडी रेकॉर्डर घेतला आणि कंडेन्सरच्या जागी दोन साधे, कमी संवेदनशील डायनॅमिक माइक वापरले. त्यांतील एक ओळखीच्या साउंडवाल्याकडून मागून आणला होता. शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ पासून बनत असलेला माइक गणेशोत्सवाच्या मंडपात आणि भजनाच्या कार्यक्रमांत सर्वत्र दिसतो, तो बोलण्यासाठीही उत्तम चालतो. फक्त बाजारात त्याच्या नकला फार आहेत, म्हणून विकत घेताना खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा. डायनॅमिक माइकला फँटम पुरवठा लागत नाही, त्यामुळे रेकॉर्डरचे सेलही जास्त वेळ टिकतात. त्याला गेन, म्हणजे रेकॉर्डरने आवाज वाढवणे, मात्र बराच द्यावा लागतो आणि स्वस्त रेकॉर्डरमध्ये गेन शेवटपर्यंत नेला की सूं असा आवाज येतो, म्हणून ही चाचणी घरीच करून निघावे.

माइकच्या जातीपेक्षाही अंतराने जास्त फरक पडला. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की माइकवरील पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. पहिल्या वेळी ४० सेंटीमीटर अंतर होते, दुसऱ्या वेळी १०, म्हणजे दोनदा निम्मे आणि १२ डेसिबलचा लाभ. भिंतीपलीकडचा आवाज मात्र माइक थोडा पुढेमागे केल्याने बदलत नाही. माग चालू असतानाही आम्ही एवढे एकच केले असते, तरी आजींचा आवाज गोंगाटातून कितीतरी वर आला असता. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे टिपणारा माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून माइकची पाठ आम्ही शेजाऱ्यांच्या भिंतीकडे केली. जवळ आल्यामुळे ‘भ’, ‘फ’, ‘प’ या वर्णांच्या वेळी श्वासाचा धक्का बसू लागला. मराठीत असे वर्ण पदोपदी येतात. त्यावर उपाय म्हणून माइक तोंडासमोर सरळ न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका ठेवला.

खोलीचा प्रश्न आजींनीच सोडवला. आम्ही फोमच्या चौकोनांचा विचार करत होतो. त्यांनी ट्रंकेतून दोन वाकळी काढल्या, एक टेबलावर पसरली आणि दुसरी माझ्या पाठीमागच्या दोरीवर टाकली. जुन्या साड्यांच्या थरांची, हाताने टाके घातलेली ती जड वाकळ आवाज शोषून घेण्यात पातळ फोमपेक्षा नक्कीच सरस ठरली. शहाबादी फरशीवर सतरंजी घातली आणि भांड्यात बोलल्यासारखा जो घुमारा पहिल्या वेळी होता, तो गेला.

आजी आणि मी, दोघींचे आवाज दोन स्वतंत्र ट्रॅकवर घेतले, म्हणजे माझा खोकला त्यांच्या वाक्यातून काढता येतो. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये, न आकुंचलेल्या वेव्ह स्वरूपात केले आणि पातळी, जी शून्यावर गेली की आवाज फाटतो, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली, कारण आजी हसल्या की आवाज एकदम चढतो आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. सुरुवातीला कोणीही न बोलता खोलीची तीस सेकंदांची शांतता मुद्रित करून ठेवली. कापाकापीनंतर उरलेल्या फटींत तीच भरली की सांधा कळत नाही.

मुलाखतीच्या मध्यावर शेजारच्या काकू आत आल्या, आजी त्यांच्याशी दोन मिनिटे कन्नडमध्ये बोलल्या आणि पुन्हा मराठीत वळल्या. पहिल्या फेरीत असे काही झाले असते, तर मी ते कापले असते. या वेळी ठेवले आणि अर्थ भागाच्या वर्णनात दिला. वडगावातील घर असेच असते आणि ऐकणाऱ्याला ते तसेच कळावे.

संपादनात आता गेट नाही. ८० हर्ट्झखालची घरघर काढणारा फिल्टर, हलके काँप्रेशन (मोठ्या आणि हळू आवाजातील फरक कमी करणे), आणि गोंगाट कमी करायचाच झाला तर ६ डेसिबलच्या पुढे नाही, एवढ्यावर आम्ही थांबतो. प्रत्येक फेरफारानंतर एकाच कसोटीवर ऐकतो: ‘की’ पूर्ण ऐकू येतो का? आवाजाची एकूण पातळी स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) आणि मोनोसाठी उणे १९ ठेवण्याचा प्रघात आहे, तो पाळतो. शिखर पातळी उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. शेवटची तपासणी लॅपटॉपवर करत नाही. भाचा फाइल फोनवर घेऊन खानापूरच्या बसमध्ये खिडकीजवळ बसून ऐकतो, कारण आमचे बरेच श्रोते तिथेच ऐकतात. पहिला भाग तयार करायला चार संध्याकाळी लागल्या होत्या, दुसऱ्या वेळी एक पुरली, कारण साफ करण्यासारखे फारसे काही नव्हते.

साठवणीचाही हिशेब आधीच करावा. वरील स्वरूपात एका ट्रॅकला मिनिटाला ८.६४ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे चाळीस मिनिटांच्या दोन ट्रॅकना सुमारे ७०० मेगाबाइट. आम्ही प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती ठेवतो, एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी. घराबाहेरची प्रत हवीच, कारण पावसाळ्यात पत्र्याखालचे कपाटही ओले होते.

प्रकाशन आणि खाते

दोष कळल्यावर जुना भाग काढून टाकायला आम्ही होस्टिंग सेवेवर, म्हणजे भाग साठवून प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळावर गेलो, तेव्हा या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग उघडा पडला. मालिकेचे खाते सुरुवातीला मदतीला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन ईमेलवर उघडले होते. त्याचे शिक्षण संपले, ईमेल बंद झाला, आणि प्रवेशासाठी लागणारा कोड त्याच बंद ईमेलवर जात होता. सेवेला पत्रे लिहिली, पण मालकी सिद्ध करायला आमच्याकडे कागद नव्हता. भाग आमचे, आवाज आजींचा, आणि किल्ली कोणाकडेच नाही.

पॉडकास्ट म्हणजे शेवटी एक आरएसएस फीड, भागांची यादी असलेला एक वेबपत्ता असतो. श्रोत्यांची ॲप्स त्या पत्त्यावर जाऊन नवा भाग आला का पाहतात. होस्ट बदलताना जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वळवण्याची व्यवस्था करता येते आणि श्रोते आपोआप सोबत येतात, पण त्यासाठी जुन्या खात्यात शिरता यावे लागते. आम्हाला शिरता येत नव्हते. त्यामुळे नवे फीड शून्यापासून उभे करावे लागले आणि जुने श्रोते एकेकाला सांगून आणावे लागले. म्हणून पहिला भाग मुद्रित करण्याच्याही आधी मालिकेसाठी स्वतंत्र ईमेल काढावा, त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवावा, पर्यायी फोन नंबर नोंदवावा, आणि जमल्यास स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्यावा. माइक विकत घेण्याआधीचे हे काम आहे आणि त्याला फारसा खर्च नाही.

नव्या फीडमध्ये इतर गोष्टीही दुरुस्त केल्या. भाषेच्या जागी मराठीचा संकेत भरला, जो पहिल्या वेळी इंग्रजीचाच राहिला होता. ‘भाग १’ हे शीर्षक कोणीही शोधत नाही, म्हणून शीर्षकात वडगाव, माग आणि साडी हे शब्द आणले. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले असले, तरी लोक जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी शोधतात, म्हणून वर्णनात दोन्ही दिली. मुखचित्र ३००० गुणिले ३००० पिक्सेलचे केले, पण फोनवर ते टपाल तिकिटाएवढे दिसते आणि देवनागरीतील वेलांट्या व अनुस्वार तिथे गडप होतात, म्हणून त्यावर दोनच शब्द ठेवले.

पहिल्या भागाच्या सुरुवातीला चित्रपटगीताची धून होती, ती काढली. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण असते, शिवाय गीत आणि संगीत यांचे हक्क वेगळे असतात. ‘फक्त दहा सेकंद’ अशी सरसकट मुभा कायद्यात नाही. आता सुरुवातीला आजींच्या घरातील जुन्या हातमागाचा, आडवे सूत नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना होणारा आवाज आहे, त्यांच्या परवानगीने घेतलेला. ती परवानगी, आणि मुलाखत प्रसिद्ध करण्याची परवानगीही, मुद्रणातच त्यांच्या तोंडून घेतली. प्रसिद्धीपूर्वी पूर्ण भाग त्यांना ऐकवला. एका ठिकाणी सुनेचे नाव आले होते, ते त्यांनी काढायला सांगितले, ते काढले.

श्रोत्यांपैकी अनेकांकडे पॉडकास्टचे ॲपच नाही. पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात नोकरीला गेलेली मुले ॲपवर ऐकतात, पण त्यांच्या आया व्हॉट्सॲपवर ऐकतात. म्हणून दोन फाइली करतो. १२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) स्टिरिओत चाळीस मिनिटांचा भाग ३८ मेगाबाइटच्या पुढे जातो. ६४ केबीपीएस मोनोत तोच सुमारे १९ मेगाबाइट होतो आणि दोन माणसांच्या बोलण्यासाठी तेवढा दर्जा पुरेसा असतो. ही लहान फाइल गटांवर जाते, सोबत भागाचे नाव आणि फीडचा दुवा लिहिलेला असतो, कारण पुढे पाठवली जाणारी फाइल चार गटांनंतर निनावी होते. फाइलच्या आतील शीर्षकाच्या जागीही तेच नाव भरतो.

नवा भाग गेल्यावर खानापूरच्या त्या बाईंना मी फाइल स्वतः पाठवली. त्यांनी उत्तरादाखल आजींचे एक वाक्य तसेच्या तसे म्हणून पाठवले, शेवटच्या ‘की’सकट.

जुना भाग अजूनही जुन्या फीडवर आहे. शोधले की दोन्ही सापडतात, आणि कोणता कधीचा हे नव्या श्रोत्याला कळत नाही. आम्ही नव्या भागाच्या वर्णनात पहिल्याच ओळीत ‘पुन्हा मुद्रित केलेली, पूर्ण मुलाखत’ असे लिहिले आहे आणि सेवेकडे तिसरे पत्र पाठवले आहे, या वेळी आजींच्या सहीचे.